आमटी वाहणारी बाई

"कंपनीचा माणूस कुठाय?" मिटकरी आप्पांनी माझ्या खांद्यावरून मागं बघत विचारलं.

"मीच आलेय कंपनीतून," मी म्हटलं.

"ते कळलं. पण माणूस?"

पितळी घंगाळांच्या उतरंडीला टेकून बसलेलं एक म्हातारं गिऱ्हाईक खुदकन हसलं. मी खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "माणूस हाच आहे आप्पा. ओढणी घेऊन आलाय, एवढंच."

आप्पा हसले नाहीत. पण समोरचं लाकडी स्टूल त्यांनी पायानं माझ्याकडं सरकवलं. बार्शीच्या बाजारात याला स्वागत म्हणतात, हे मला पुढं कळलं.

आमची मनू आत्ता दुपारची झोपलीय. एक पाय पांघरुणाबाहेर, मुठीत माझ्या ओढणीचं टोक. ओढणी सोडवून घेता येत नाही म्हणून तिच्या शेजारीच वही मांडीवर घेऊन बसलेय. हे सगळं घडलं त्याला आता पाच वर्षं होतील. तिला कधीतरी सांगायचंच आहे, म्हणून आधी लिहून ठेवते.

तेव्हा मी सोलापूरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याचे स्टीलचे जेवणाचे डबे विकत होते. विकत म्हणजे दारोदार नव्हे. गावोगावच्या घाऊक व्यापाऱ्यांना गाठायचं, नमुना दाखवायचा, ऑर्डर घ्यायची. आमच्या धंद्यात एकेका माणसाला काही गावं नेमून दिलेली असतात, त्याला 'लाइन' म्हणतात. मला लाइन नव्हती. मी ऑफिसात टेलिफोनवर होते, आणि टेलिफोनचा मला वीट आला होता. शेडबाळे साहेबांच्या मागं लागून लागून मी एक संधी मिळवली होती.

"बार्शी करून दाखव," साहेब म्हणाले होते. "मिटकरींचं दुकान मिळालं तर ती सगळी लाइन तुझी. नाही मिळालं तर टेलिफोन आहेच, कुठं पळत नाही."

साहेबांच्या टेबलाभोवतीचे तिघंही प्रतिनिधी गालात हसले होते. का, ते मला आप्पांच्या दुकानात वर बघितल्यावर समजलं.

छताला लागून एक फळी होती. तिच्यावर ओळीनं डबे मांडले होते. उभे, गोल, दोन खणी, तीन खणी, वेगवेगळ्या कंपन्यांचे. प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी डकवलेली आणि चिठ्ठीवर निळ्या शाईत ठसठशीत अक्षरात एकच शब्द: नापास. त्यातले दोन आमचेच होते.

"गळत नाही म्हणून सगळेच सांगतात," आप्पा म्हणाले. "पाणी भरून उलटा करून दाखवतात. पाणी काय, पाणी कुणीबी राखतं म्याडम. आमटी राखली पाहिजे. आमटीला तेल असतंय. तेल वाट काढतं."

"मग आमटी भरून दाखवते," मी म्हटलं.

"दाखवायची न्हाई. वाहायची."

आप्पांच्या दुकानाची रीतच तशी होती. डबा त्यांच्या घरच्या आमटीनं काठोकाठ भरायचा. कंपनीच्या माणसानं तो आपल्या स्वतःच्या बॅगेत, आपल्या कागदपत्रांच्या मधोमध, झाकण खाली करून ठेवायचा. दिवसभर बाजारातली किरकोळ दुकानं फिरायची. संध्याकाळी सगळ्यांसमोर बॅग उघडायची. शेजारपाजारचे दुकानदार मुद्दाम बघायला यायचे म्हणे. एकाचे पांढरे शर्ट पिवळे झाले होते, एकाच्या लग्नपत्रिका बॅगेत होत्या.

"आणि पास झाला तर?" मी विचारलं.

"तर माल घेतो. पण एक हाय. ज्यानं आमटी वाहिली, त्याच्याच हातून घेतो. उद्या कंपनीनं दुसरा माणूस धाडला तर त्याला चहा मिळंल, ऑर्डर न्हाई. तुमचे ते पानसे होते बघा पूर्वी. वाहिली होती बिचाऱ्यानं. त्यांची बदली केली तुमच्या साहेबानं, मी माल बंद केला."

शेडबाळे साहेब या गोष्टीला 'मिटकरींचा आडमुठेपणा' म्हणायचे. मलाही तो आडमुठेपणाच वाटला. पण आमचा नवा डबा चांगला होता. झाकणाला जाड रबरी कडं होतं, चारी बाजूंनी खटके होते. माझा त्याच्यावर विश्वास होता.

"भरा," मी म्हटलं.

आप्पांनी मागच्या दाराकडं तोंड करून हाक मारली. दुकानामागंच घर होतं. आतून त्यांच्या पत्नी आल्या. निलावतीकाकू. ठेंगण्या, कपाळावर विभूतीची बोटं, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. त्यांच्या हातात वाफाळतं पातेलं होतं.

"ही कंपनीची?" त्यांनी मला खालून वर पाहिलं. "बरं झालं. आतापतोर सगळे बाप्येच आले, एकालाबी डबा नीट लावता येत नव्हता."

ती येसराची आमटी होती. भाजलेल्या धान्यांची आणि मसाल्याची पूड घालून त्या भागात करतात ती. काळपट लाल, वर तेलाचा तवंग. मी मूळची चिपळूणकडची. आमच्या घरी आमटीत ओलं खोबरं आणि कोकम. लग्न होऊन सोलापुरात येऊन वर्ष झालं होतं, तरी तिखटाला हात लावताना मी अजून आधी पाण्याचा तांब्या जवळ घ्यायचे. तरी त्या पातेल्यातून वाफ वर आली आणि मी कशी कोण जाणे एक पाऊल पुढं सरकले.

काकूंनी डबा काठोकाठ भरला. मी चारी खटके लावले. आप्पांनी एक कोरं मांजरपाट घेतलं, डबा त्यात गुंडाळला आणि झाकण खाली करून माझ्या बॅगेत, दरपत्रकं आणि ऑर्डरच्या कागदांच्या मधे बसवला.

"जा आता," ते म्हणाले. "दुकानं बंद व्हायच्या आत या."

बाजारात माझ्याआधी माझी बातमी पोचली होती. ज्या दुकानात जाईन तिथं, "आमटीवाल्या म्याडम आल्या!" कुणी बॅगेला नाक लावायचं, कुणी खालून हात फिरवून बोटं बघायचं. एका प्लास्टिकवाल्यानं तर माझ्यामागं उभं राहून जमिनीकडं बघतच माझ्याशी बोलणं केलं, थेंब पडतोय का म्हणून. मला मजा येत होती. टेलिफोनवर वर्षभरात मी जेवढी हसले नव्हते तेवढी त्या सकाळी हसले.

दुपारी बाजारातल्या मारुतीच्या पारावर बसले. सोबत माझा स्वतःचा जेवणाचा डबा होता, पोळी आणि बटाट्याची भाजी. उघडला आणि लगेच बंद केला. गेला आठवडाभर असंच चाललं होतं. बटाट्याकडं बघवत नव्हतं, चहा गंजलेल्या लोखंडासारखा लागत होता. एसटीचा त्रास, असं मी स्वतःला सांगत होते. सुहासला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, तेही सांगितलं नव्हतं. तो म्हणाला असता, मग नको जाऊस.

आणि तिथं बसल्या बसल्या मला त्या आमटीचा वास आला.

डब्यातून नाही. डबा इतका पक्का होता की वासाचा थेंबसुद्धा बाहेर येत नव्हता. मी नाक लावून खात्री केली. वास माझ्या डोक्यात होता. काकूंच्या पातेल्यातून वर आलेली ती वाफ सकाळपासून माझ्या मागं मागं फिरत होती, आणि आता ती शेजारी पारावर येऊन बसली होती.

मी बॅग उघडली. मांजरपाट सोडलं. कोरडं ठणठणीत! मनाशी म्हटलं, गळत नाही हे तर कळलं. आता फक्त उघडून बघू, आत सगळं ठीक आहे ना. खटके काढले. ठीक होतं. म्हटलं, एक घोट घेऊन बघू. एका घोटानं काय होतंय, काठापासून थोडी खाली जाईल एवढंच.

पहिल्या घोटाला डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्याला नाक वाहायला लागलं. तिसऱ्यानंतर मी मोजायचं सोडलं. पोळी बुडवून बुडवून खाल्ली, पोळ्या संपल्या तेव्हा डबाच तोंडाला लावला. इतकं चांगलं मला कित्येक दिवसांत काही लागलं नव्हतं. शेवटी तळाला बोट फिरवलं, ते चाटलं, आणि मग त्या रिकाम्या डब्यात माझं स्वतःचं तोंड दिसलं.

लाइन! बार्शीची, त्यापुढच्या सगळ्या गावांची लाइन मी पोळीशी लावून खाल्ली होती.

समोर एक हॉटेल होतं. मिसळीच्या कटाचं पातेलं दारातच उकळत होतं. मी डबा घेऊन तिथपर्यंत गेले.

"पार्सल का ताई?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

मी कटाकडं बघितलं. डोळ्यांसमोर निलावतीकाकू आल्या. त्यांनी झाकण उघडल्या उघडल्या ओळखलं असतं. आणि खरं सांगायचं तर त्या आमटीच्या जागी हा कट भरणं मलाच पटेना. "नको," म्हटलं आणि परत फिरले.

संध्याकाळी आप्पांच्या दुकानात ही गर्दी. सकाळचं म्हातारं गिऱ्हाईक घंगाळांपाशीच होतं, बहुतेक उठलंच नव्हतं. आप्पांनी हात धुतले, पुसले, आणि एखादी मूर्ती काढावी तसा बॅगेतून डबा काढला. मांजरपाट उलगडलं. दिव्याखाली धरलं. या बाजूनं, त्या बाजूनं.

"कोरडं हाय!" ते म्हणाले. त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं. "ठिपकासुद्धा न्हाई!"

प्लास्टिकवाल्यानं टाळी वाजवली. मी म्हटलं, "आप्पा, ऐका जरा..."

पण आप्पांनी डबा पुन्हा उचलला होता. कापडाच्या नादात आधी न जाणवलेलं त्याचं हलकेपण आता हाताला जाणवलं. त्यांनी डबा कानाशी नेऊन हलवला.

"म्याडम, हे काय?"

"प्याले," मी म्हटलं.

"कोण?"

"मी."

"सगळी?"

"सगळी. पोळीशी थोडी, बाकीची तशीच."

मग म्हातारं गिऱ्हाईक म्हणालं, "आप्पा, डबा भायेरून गळत न्हाई वो. आतून गळतोय!" आणि जो काही हशा उसळला, तो थांबता थांबेना. मीही हसत होते आणि रडूही येत होतं. आप्पा एकटे गंभीर होते.

"आता याला पास म्हणू का नापास? प्यायच्या आधी कोरडं होतं हे मी कशावरून धरू?"

"धरू नका," मी म्हटलं. "मी बघितलं, पण तुम्ही नाही बघितलं."

तेवढ्यात आतल्या दारातून निलावतीकाकूंचा आवाज आला. "कशी लागली?"

"तिखट," मी म्हटलं.

"तिखट चालतं तुला?"

"नाही हो. अजिबात नाही."

"मग?"

"काय माहीत. राहवलंच नाही."

काकू उंबऱ्यातून माझ्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी बोटानं खूण केली. "आत ये जरा."

स्वयंपाकघरात त्यांनी मला पाटावर बसवलं. गूळ आणि पाणी पुढं ठेवलं. मग माझ्या समोर बसल्या आणि हळू आवाजात एकच प्रश्न विचारला, जो बाईच बाईला विचारते. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. बोटांवर मोजायला लागले. एका हाताची बोटं संपली, दुसऱ्या हातावर गेले, आणि मधेच थांबले.

बटाटा. चहा. एसटीचा त्रास.

"अगंबाई," मी म्हटलं.

काकू हसायला लागल्या. आवाज न करता, नुसतं अंग हलवून. "कंपनीची बाई, डबे विकते," त्या म्हणाल्या, "आन स्वतःचा भरलाय ते ठाऊक न्हाई!"

मला इतका आनंद झाला की मी त्यांचा हात धरला. आणि लगेच, तो हात हातात असतानाच, रडू फुटलं.

"आता काय झालं?"

"लाइन गेली काकू माझी. साहेबांना कळलं की ते फिरू देणार नाहीत. परत टेलिफोनवर बसवतील, आणि बाळ झाल्यावर तेही नाही."

काकूंनी पदरानं माझं तोंड पुसलं, अगदी लहान मुलाचं पुसावं तसं खसाखसा. "आमटी कुणी वाहिली?"

"मी."

"मग झालं तर."

काय झालं, ते मला तेव्हा काहीच कळलं नाही.

त्या उठल्या, डबा घासून आणला आणि पातेल्यातली आमटी पुन्हा काठोकाठ भरली. मला घेऊन दुकानात आल्या. "ही डबा घरी घेऊन जाईल. सोलापूरपतोर एसटीचे धक्के खाऊन जाऊ दे. घरी उघडंल आन फोन करून सांगंल. गळला तर गळला म्हणून, न्हाई तर न्हाई."

"आणि वाटेत पुन्हा प्याल्या तर?" आप्पांनी विचारलं.

"पिऊ दे. तिचा हक्क हाय."

आप्पांनी बायकोकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग घाईघाईनं टोपी नीट केली आणि टेबलावरचा पंखा उचलून माझ्या दिशेनं वळवला. माझी बॅग स्वतः उचलली, आणि बाजारातून एसटी स्टँडपर्यंत माझ्या पुढं चालत राहिले. खड्डा आला की मागं वळून म्हणायचे, "हळू. इथं खड्डा हाय." डब्याला म्हणत होते की मला, कोण जाणे.

घरी पोचले तर सुहास दारातच.

"उशीर झाला. काय झालं बार्शीचं? आणि बॅगेत काय आहे एवढं जड?"

"आमटी आहे. हात लावू नकोस. आधी कापड बघू दे."

"कसलं कापड? नूतन, बरी आहेस ना?"

मी मांजरपाट उलगडलं. पुन्हा पुन्हा उलटंपालटं करून पाहिलं. एवढे खड्डे, एवढी वळणं, आणि कापड जसंच्या तसं. झाकण उघडलं. आमटी काठोकाठ. मग मी सुहासला आधी आमटीचं सांगितलं आणि नंतर दुसरं. तो इतका गोंधळला की त्यानं वाटी आणायला म्हणून जाऊन चाळणी आणली.

फोन आप्पांनीच उचलला. पहिल्या रिंगलाच.

"गळला?"

"नाही आप्पा. कोरडं आहे."

"आन आत?"

"जशी भरली तशी."

"आता प्या मग. तिघं मिळून." आणि आपण काय बोललो हे ध्यानात येऊन त्यांनी गडबडीनं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडायच्या आधी आप्पांची ऑर्डर आली होती. साहेबांनी ती दोनदा वाचली आणि गालात हसणाऱ्या तिघांना मोठ्यानं वाचून दाखवली. लाइन माझी झाली.

पुढचे काही महिने मी फिरले. सातव्या महिन्यात डॉक्टर म्हणाले, आता एसटी पुरे. साहेबांनी माझी गावं दुसऱ्याला दिली. "तात्पुरती," ते म्हणाले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की ते कायमचं म्हणतायत. मी टेबल आवरलं, घरी आले, आणि मुलाच्या दुपट्यांना टाके घालत बसले. टाके वाकडे येत होते.

आठवड्यानं शेडबाळे साहेब स्वतः घरी आले. हातात शहाळं.

"तुझ्या जागेवरचा माणूस बार्शीला गेला होता," ते म्हणाले. "चहा पाजला त्याला मिटकरींनी. दोनदा. आणि म्हणाले, आमटी वाहणारी बाई कुठाय? यानं सांगितलं, बाळंतपणाला. तर म्हणाले, मग आम्ही थांबतो. तोवर पुरेल एवढा माल भरून ठेवलाय."

"मग?"

"मग काय! पानशांच्या वेळी आम्ही ऐकलं नाही, त्याचं काय झालं ते मला ठाऊक आहे." साहेबांनी शहाळं माझ्यापुढं ठेवलं. "तुझी गावं तुझ्याच नावावर आहेत. बरी झालीस की ये. आडमुठा माणूस आहे तो. एकदम आडमुठा."

काकूंनी स्वयंपाकघरात काय म्हटलं होतं, ते मला त्या दिवशी कळलं. मी वर तोंड करून शहाळं प्याले, म्हणजे साहेबांना डोळे दिसायला नकोत.

मनू सहा महिन्यांची झाल्यावर मी पहिल्यांदा बार्शीला गेले, तिला घेऊनच. तो परीक्षेचा डबा आता काकूंना द्यायचा होता. ज्यातून त्यांची आमटी आली ते भांडं रिकामं कसं द्यायचं, म्हणून त्यात आमच्या चिपळूणकडची आमटी भरली होती, खोबऱ्याची आणि कोकमाची. रीत म्हणून झाकण खाली करून मनूच्या पिशवीत, दुपट्यांच्या मधे ठेवला होता.

आप्पांचं दुकान तेच, फळी तीच. घंगाळांपाशी म्हातारं गिऱ्हाईकही तेच. काकूंनी मनूला माझ्याकडून जवळजवळ ओढूनच घेतलं. आप्पांनी हात धुतले, पुसले, आणि पिशवीत हात घातला.

"ओलं हाय!" ते ओरडले. "गळला! अहो गळला!"

आप्पांनी ओलं दुपटं दिव्याखाली धरलं. प्लास्टिकवाला धावत आला. काकूंनी ते आप्पांच्या हातातून ओढून घेतलं, नाकाशी नेलं आणि इतक्या हसल्या की मनूही त्यांच्या कडेवर हिंदकळायला लागली.

"अहो, आमटी न्हवं ही. पोरीची हाय! सकाळचं काढलेलं दुपटं तसंच ठेवलंय हिनं!"

डबा बाहेर काढला. बाहेरून कोरडा, आत काठोकाठ. काकूंनी करंगळी बुडवून मनूच्या ओठाला लावली. तिनं तोंड वाकडं केलं, विचार केला, आणि पुन्हा आ केला.

आप्पा गादीवर बसले. एक चिठ्ठी घेतली, निळ्या शाईनं ठसठशीत 'पास' लिहिलं, मागं डिंक लावला. फळीकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. मग उठून ती चिठ्ठी मनूच्या झबल्यावर, बरोबर पोटावर डकवली आणि घंगाळांकडं वळून म्हणाले,

"बघा, कंपनीचा माणूस आला."